हत्ती, घोडा आणि ओहोटी

मुलांना ‘मुंबई दाखवायला’ निघालेले आईबाप गर्दीतही ओळखू येतात. खिशात गेटवेपासून जुहूपर्यंतची यादी, दिवसाच्या बोलीवर ठरवलेली टॅक्सी आणि दुपारी बाराच्या आतच मागच्या सीटवर झोपलेली पोरं. अशा फेरीत मुलं मुंबई बघत नाहीत, पुढच्या गाडीचे लाल दिवे बघतात. परत आल्यावर त्यांना विचारा, काय आवडलं? लॉजची लिफ्ट, असं उत्तर येतं. आमच्या सांगलीत निम्म्या घरांनी अशी मुंबई केलेली आहे.

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही दादरला नणंदेकडे उतरलो, तेव्हा अशीच एक यादी माझ्या पर्समध्ये होती. नणंदेचे यजमान बेस्टमधून निवृत्त झालेले. मुलं त्यांना काका म्हणतात, म्हणून मीही काकाच म्हणते. महालक्ष्मी एक्स्प्रेसचा शीण घालवायला केलेल्या पहिल्याच चहाला त्यांनी ती यादी मागून घेतली, वाचली आणि घडी घालून चष्म्याच्या घरात ठेवून दिली. “वहिनी, दिवसाला एकच ठिकाण. आणि जायचं लोकलनं, बसनं नाहीतर बोटीनं. टॅक्सी फक्त परतताना, तीसुद्धा कुणी रडायला लागलं तर.”

माझी लेक सहावीत, धाकटा पहिलीत. या वयाच्या मुलांना ठिकाणाइतकंच वाहन महत्त्वाचं असतं, हे काकांनी चाळीस वर्षं बसच्या खिडकीसाठी भांडणारी पोरं बघून ओळखलेलं होतं. म्हणून सुरुवात लोकलपासून.

बाहेरगावच्या माणसाला लोकलची धास्ती असते. सकाळी आठ ते अकरा आणि संध्याकाळी पाच ते नऊ या वेळांपुरती ती अगदी रास्त आहे. मधल्या वेळी दादरहून सीएसएमटीकडे जाणाऱ्या धिम्या गाडीत खिडकी मिळते, पोरं मांडीवर घ्यावी लागत नाहीत आणि चणे-दाणेवालाही भेटतो. रविवारी गर्दी कमी असते, पण त्या दिवशी मेगाब्लॉक असतो. कुठल्या मार्गावर कधी, ते आदल्या दिवशीच्या पेपरात बघून निघावं. पाच वर्षांखालच्या मुलाला तिकीट नाही, बारापर्यंत अर्धं. मुक्काम मोठा असेल तर एक, तीन किंवा पाच दिवसांचा पर्यटक पास काढता येतो. त्यावर लोकलनं कितीही हिंडा.

धाकट्यानं पहिल्याच प्रवासात घोषणा पाठ केल्या. भायखळा येण्याआधीच तो मराठी, हिंदी आणि इंग्रजी अशा तिन्ही भाषांत भायखळा आल्याचं जाहीर करू लागला आणि समोरच्या बाकावरच्या कोळीणबाई टोपली सावरत हसू लागल्या. लेकीला काकांनी वेगळं काम दिलं होतं: सँडहर्स्ट रोड आलं की मान वर कर. या स्टेशनात मध्य रेल्वेच्या फलाटांच्या डोक्यावरून हार्बरची गाडी जाते. गाडीवरून गाडी! तिला हे इतकं आवडलं, की परतताना आम्ही तिथे मुद्दाम उतरलो, जिना चढून हार्बरच्या फलाटावर गेलो आणि एक गाडी वरून व एक खालून जाऊ दिली. या कार्यक्रमाला लोकलच्या तिकिटापलीकडे खर्च नाही.

सीएसएमटीला उतरून बाहेर पडण्याची घाई करू नये. याच बोरीबंदरातून १६ एप्रिल १८५३ रोजी पहिली गाडी ठाण्याला गेली. चौदा डबे, चारशेच्या आसपास पाहुणे आणि ओढायला साहिब, सिंध आणि सुलतान अशी तीन इंजिनं. इंजिनांना नावं होती हे कळल्यावर धाकट्यानं आमच्या गाडीचंही बारसं करून टाकलं. आजची इमारत त्यानंतरची, फ्रेडरिक स्टीव्हन्सनं आखलेली, १८८७-८८ मध्ये पुरी झालेली. युनेस्कोच्या यादीत ती २००४ साली गेली. पण मुलांना साल सांगून उपयोग नसतो, त्यांना शोधायला काहीतरी द्यावं लागतं. रस्ता ओलांडून महापालिकेच्या बाजूला उभं राहायचं आणि दगडातले प्राणी मोजायचे. फाटकाच्या खांबांवर एकीकडे सिंह, एकीकडे वाघ. सिंह ब्रिटनचा, वाघ आपला. मग भिंतींवर माकडं, मोर, आणि छपराच्या कडेला पाणी ओकणारे विचित्र जबडे. हे नक्षीकाम जवळच्याच कलाशाळेतल्या, म्हणजे आजच्या जे. जे. स्कूलच्या, विद्यार्थ्यांच्या हातचं आहे. मोगलीची गोष्ट लिहिणारे रुडयार्ड किपलिंग १८६५ साली त्याच आवारात जन्मले, कारण त्यांचे वडील तिथे शिकवायला होते. क्रॉफर्ड मार्केटच्या दारावरची शिल्पं त्यांच्या वडिलांनीच आखलेली. शाळेच्या सहलीत हे कुणी सांगत नाही. तिथे रांग सरळ ठेवण्यातच वेळ जातो.

सीएसएमटीच्या बाहेरच काकांचा जीव की प्राण, डबल डेकर. मुंबईत ती १९३७ साली आली. जुन्या डिझेलच्या लाल डबल डेकरची शेवटची फेरी झाली १५ सप्टेंबर २०२३ ला, आणि लोकांनी तिला हार घातले. आता विजेवरची, वातानुकूलित डबल डेकर आहे. ११५ नंबरची बस सीएसएमटीहून एनसीपीएकडे जाते. एसी बसचं भाडं बारा रुपयांपासून सुरू होतं. वरच्या मजल्यावर अगदी पुढची सीट धरावी. झाडाच्या फांद्या काचेला लागतात, सिग्नलचे दिवे डोळ्यांसमोर येतात आणि चौक वरून दिसतो. काकांच्या मते जुन्या गाडीतल्या उघड्या खिडक्यांची मजा हिच्यात नाही. मुलांच्या मते ते चूक आहेत. कुणाला बसचं फारच वेड असेल तर आणिक आगारात बेस्टचं स्वतःचं छोटं संग्रहालय आहे. घोड्यांच्या ट्रामपासूनचा इतिहास, जुनी तिकिटं आणि तिकिटाची यंत्रं तिथे बघायला मिळतात. मुंबईत ट्राम १८७४ ला सुरू झाली आणि ३१ मार्च १९६४ च्या रात्री बंद पडली.

आता हत्तीची गोष्ट.

घारापुरीला जायचं तर सकाळची पहिली किंवा दुसरी बोट गाठावी. गेटवेपासून तासाभराचा प्रवास. मुलांसाठी तो तास लेण्यांपेक्षा वरचढ असतो, हे मान्य करून टाकावं. एका बाजूला नौदलाच्या युद्धनौका, पुढे तेलवाहू जहाजं, मध्ये जवाहर द्वीपावरच्या तेलाच्या टाक्या, आणि थंडीच्या दिवसांत बोटीमागे लागलेले कुरव पक्षी. लोक त्यांना वेफर्स, कुरमुरे फेकतात. मुलांना ते करू देऊ नका, तळलेलं-खारवलेलं त्या पक्ष्यांना सोसत नाही. लाइफ जॅकेट मात्र प्रत्येकाला घालायला लावा, बोटवाला विसरला तर मागून घ्या. डिसेंबर २०२४ मध्ये याच वाटेवर झालेला अपघात मुंबई अजून विसरलेली नाही.

बेटावर उतरलं की धक्क्यावरून पायऱ्यांपर्यंत एक खेळण्यातली आगगाडी जाते. अंतर चालून जाण्याजोगं आहे, पण मुलं बरोबर असताना हा मुद्दा मांडायचा नसतो. पुढे शंभरावर पायऱ्या, दोन्ही बाजूंना दुकानं आणि मधूनमधून माकडं. खाण्याची पिशवी उघडी दिसता कामा नये. लेण्याचं तिकीट पंधरा वर्षांखालच्या मुलांना लागत नाही.

मोठ्या लेण्यात शिरल्यावर बाहेरच्या उन्हातून आलेल्या डोळ्यांना काही क्षण काहीच दिसत नाही. मुलांना तिथे गप्प उभं करायचं आणि समोर बघत राहायला सांगायचं. हळूहळू अंधारातून तीन तोंडं पुढे येतात. आधी मधल्याचा खालचा ओठ, मग नाक, मग जडावाचा मुकुट. सहाव्या शतकातली ही मूर्ती पाच मीटरच्या वर उंच आहे, आणि तीही छातीपर्यंतच. “मग पूर्ण केली असती तर केवढी झाली असती?” असा प्रश्न लेकीनं टाकला. उजवीकडच्या मुखाच्या हातात कमळ, डावीकडच्याच्या हातात साप. दोन्ही शोधायला लावा. एक चेहरा शांत, एक रागीट आणि एक देवीचा, हे मुलं स्वतः सांगतात. शिल्पशास्त्र मागाहून वाचता येतं. हे सगळं बाहेरून आणून बसवलेलं नाही, डोंगर आतून खोदत नेला आणि खांब मागे ठेवले, हे समजावायला मात्र वेळ लागला. धाकटा खांबाला टेकून बराच वेळ वरच्या छताकडे बघत राहिला. “हा खांब काढला तर?” “तू हात लावू नकोस,” काका म्हणाले.

आता, पोर्तुगीजांनी या बेटाला एलिफंटा म्हटलं ते धक्क्याजवळ उभ्या असलेल्या एका भल्या मोठ्या दगडी हत्तीवरून. साहजिकच मुलांनी विचारलं, हत्ती कुठे आहे? काकांनी उत्तर द्यायचं नाकारलं. तो मुंबईतच आहे, आणि तुम्हाला सापडेल, एवढंच. परतीच्या बोटीत हत्तीचीच चर्चा. बेटावर तीन गावं आहेत, शेतबंदर, मोरबंदर आणि राजबंदर, आणि समोर मुंबईचा झगमगाट दिसत असूनही तिथे समुद्राखालून केबलनं कायमची वीज आली ती २०१८ साली. मला स्वतःला ही माहिती लेण्याइतकीच लक्षात राहिली.

दुसऱ्या खेपेला फोर्टात गेलो तेव्हा भर पडली घोड्याची. काळा घोडा म्हणतात त्या चौकात एक काळा घोडा उभा आहे, पण त्याच्यावर स्वार नाही. हा घोडा नवा आहे, २०१७ चा. मूळच्या घोड्यावर इंग्लंडचा युवराज, पुढचा सातवा एडवर्ड, बसलेला होता. १९६५ साली स्वारासकट घोडा हलवला आणि चौकाला नाव तेवढं राहिलं. “मग तोसुद्धा हत्तीकडेच गेला का?” धाकट्यानं विचारलं, आणि काका एकदम गप्प झाले, कारण पोरानं बरोबर ओळखलं होतं.

त्याच चौकापासून पाच मिनिटांवर छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालय. जॉर्ज विटेट यांची ही इमारत. गेटवे ऑफ इंडियाही त्यांचाच, हे मुलांना घुमट आणि कमानी ताडून पाहू द्या. मुलांबरोबर इथे सगळी दालनं करायची नाहीत. नैसर्गिक इतिहासाचं दालन आणि शस्त्रं, एवढ्यावर थांबावं. आवारात २०१९ पासून खास मुलांचं संग्रहालय आहे, तिथे हात लावायला बंदी नाही. चालून पाय दुखायला लागले की चर्चगेटला के. रुस्तमकडे जाऊन दोन पातळ बिस्किटांमधला आइस्क्रीमचा चौकोन घ्यावा, किंवा धोबीतलावाला १९०४ पासून असलेल्या कयानीत बनमस्का आणि मावा केक. कयानीत आवाज थोडा हळू ठेवा, तिथे पेपर वाचत बसलेले लोक असतात.

हत्ती-घोड्याचा उलगडा राणीच्या बागेत झाला. भायखळा स्टेशनपासून चालत दहा मिनिटं. ते स्टेशनही देशातल्या सर्वांत जुन्या स्टेशन-इमारतींपैकी एक आहे, आणि अलीकडेच नीट डागडुजी करून मूळ रूपात आणलेलं. बागेचं कागदोपत्री नाव वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान, पण टॅक्सीवाल्याला राणीची बागच सांगावं लागतं. दर मोठ्यांना पन्नास रुपये, तीन ते बारा वर्षांच्या मुलांना पंचवीस, आणि आईवडील व दोन मुलं मिळून शंभर. मुंबईत चार माणसांची दुपार शंभर रुपयांत जाते असं दुसरं ठिकाण मला तरी माहीत नाही.

गर्दी पेंग्विनसाठी. २०१६ साली दक्षिण कोरियातल्या सोलहून आठ हम्बोल्ट पेंग्विन आणले, आणि मार्च २०१७ पासून ते लोकांना बघायला मिळू लागले. हे पेंग्विन बर्फातले नव्हेत. पेरू आणि चिलीच्या किनाऱ्याचे, तिथल्या थंड प्रवाहाच्या आधारानं राहणारे. काचेमागची हवा मात्र सोळा-अठरा अंशांवर ठेवावी लागते. पाण्याबाहेर दुडुदुडु चालणारा हा पक्षी पाण्यात शिरला की असा सुसाट जातो, की मुलांची मान वळेपर्यंत तो दुसऱ्या टोकाला. रांग सकाळी कमी असते, दुपारी वैताग आणते. माझं मत विचाराल तर पेंग्विन आटोपून मुक्त पक्षीविहारात वेळ घालवावा. मोठ्या जाळीच्या आत आपण चालतो आणि पक्षी डोक्यावरून जातात. शिवाय झाडं. बाग १८६१-६२ ची, त्यामुळे इथे असे वृक्ष आहेत की मुंबईत दुसरीकडे मिळत नाहीत. गोरखचिंचेच्या खोडाला मुलांनी हात धरून कडं करून बघावं.

हत्ती बागेतल्याच भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या बाहेर उभा आहे. लेकीला तो आधी दिसला. जवळ गेलं की अंगावरचे सांधे दिसतात. बेटावर असतानाच त्याची मान पडली, पुढे सगळाच ढासळला. १८६४ मध्ये इंग्रजांनी तो इंग्लंडला न्यायचा घाट घातला, तेव्हा उचलताना क्रेनच मोडली. मग तुकडे इथे आणून ठेवले आणि १९१४ साली जोडून उभा केला. धाकट्यानं सांध्यांवरून बोट फिरवत तुकडे मोजायला घेतले आणि मध्येच हिशेब चुकला म्हणून पुन्हा सुरुवात केली. आम्ही बाकावर बसून आणलेली पोळी-भाजी उघडली. युवराजाचा घोडाही त्याच बागेत सापडला. गादीवरून उतरलेल्या साम्राज्याचा स्वार प्राणिसंग्रहालयात ठेवायची कल्पना ज्याला सुचली त्याला विनोदबुद्धी असावी.

या सगळ्यात मुलांना सर्वांत आवडलेला दिवस मात्र वेगळाच होता, आणि त्याला तिकीटच नव्हतं.

भाऊबीजेच्या रात्री काकांनी लेकीला पंचांग उघडायला लावलं. कोकणपट्टीत कोळी आणि खलाशी पिढ्यान्‌पिढ्या वापरत आलेला हिशेब असा: तिथीची पाऊणपट करा, जेवढे येतील तितक्या वाजता भरती पूर्ण. पौर्णिमा किंवा अमावास्या म्हणजे पंधरा, त्याची पाऊणपट सव्वाअकरा. अष्टमीची सहा. पुढे-मागे अर्धा-पाऊण तास धरायचा. आणि भरतीपासून सहा तासांवर ओहोटी. दुसऱ्या दिवशी तृतीया होती. लेकीनं पेन्सिल चावत हिशेब केला: तीनची पाऊणपट सव्वादोन, त्यातून सहा तास वजा, म्हणजे सकाळी सव्वाआठला ओहोटी पूर्ण. शिवाय अमावास्येला दोनच दिवस झालेले, म्हणजे उधाणाचा काळ. जितकी भरती वर चढते तितकंच पाणी ओहोटीला खाली जातं. मोबाइलवरचा तक्ता पाहिला तर फरक फार नव्हता. तिला गणितात इतका आनंद झालेला मी शाळेत कधी पाहिला नाही.

सकाळी पार्ल्याला उतरून बसनं जुहूला पोहोचलो. संध्याकाळी भेळ, गोळे आणि फुगेवाल्यांनी भरणारा हा किनारा सकाळी रुंद आणि मोकळा असतो. चालत चालत ओल्या वाळूवर आलो तर सगळीकडे साबुदाण्याएवढ्या वाळूच्या गोळ्या पसरलेल्या. नीट पाहिलं तर पसरलेल्या नव्हत्या, मांडलेल्या होत्या. मधोमध एक छोटं भोक, आणि त्यापासून चहूकडे निघालेल्या गोळ्यांच्या ओळी. उकिडवं बसून हलायचं नाही, असं ठरलं. पाय दुखायला लागले तेव्हा भोकातून वाळूच्याच रंगाचा, बोटाच्या नखापेक्षा लहान खेकडा वर आला. दोन्ही नांग्यांनी आळीपाळीनं वाळू तोंडात घालू लागला. वाळूवर चिकटलेलं शेवाळ आणि सेंद्रिय कण तेवढे खायचे, बाकीची वाळू तोंडाशीच गोळी करायची, ती पायांमधून मागे टाकायची आणि एक पाऊल पुढे. धाकट्याची सावली त्याच्यावर पडली तसा तो भोकात गेला. “सावलीला कळलं त्याला,” धाकटा कुजबुजला. तो कुजबुजतो, हे मला तोवर माहीत नव्हतं. पुन्हा खेकडा येईपर्यंत दोघंही दगडासारखी बसली. दुपारी भरती आली की या गोळ्या पुसल्या जाणार आणि पुढच्या ओहोटीला तो पुन्हा सुरुवात करणार.

पुढे एका ओहोळात शंख चालताना दिसला, म्हणजे शंखाच्या आतला खेकडा चालत होता. वाळूत रुतलेली कॉलरसारखी वाळूचीच पट्टी दिसली. ती एका गोगलगायीची अंडी असतात. ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’ नावाचा उपक्रम २०१७ पासून ओहोटीच्या वेळी जुहू, गिरगाव वगैरे किनाऱ्यांवर अशा फेऱ्या नेतो, आणि त्यांच्याबरोबर गेलात तर नावं सांगायला जाणकार असतो. स्वतः गेलात तर तीन गोष्टी पाळा. पायात मागून पट्टा असलेली चप्पल हवी, वाळूत काचा असतात. सुंदर दिसला म्हणून जिवंत शंख उचलू नये. कोन जातीच्या गोगलगायींना विषारी दंश असतो आणि त्या जुहूला सापडतात. आणि पाणी परत फिरलं की आपणही फिरायचं. पावसाळ्यात हा बेत करूच नका, निळ्या जेलीफिश तेव्हाच किनाऱ्याला लागतात. आणि हो, किनाऱ्यावर प्लास्टिक आहे, नाल्याचा वास आहे. तो मुलांपासून लपवता येत नाही, लपवूही नये. लेकीनं विचारलं, खेकड्याला हा वास येत नाही का? मी काही बोलले नाही.

वरळीचं नेहरू विज्ञान केंद्र हे घामाघूम दुपारीवरचं औषध. १९८५ साली सुरू झालेलं हे केंद्र आता भुयारी मेट्रोच्या सायन्स सेंटर स्थानकामुळे फारच सोपं झालंय. ऑक्टोबर २०२५ पासून ही मेट्रो आरेपासून कफ परेडपर्यंत पूर्ण धावते. केंद्राच्या बागेत कप्पीच्या दोरानं स्वतःलाच वर ओढायची खुर्ची, जुनं वाफेचं इंजिन आणि ‘मरुत’ लढाऊ विमान आहे. आत वेड्यावाकड्या आरशांपाशी मोठी माणसंच जास्त वेळ घेतात. जवळच नेहरू तारांगण आहे. १९७७ चं, गोल घुमटाचं, आणि तिथे मराठीतूनही खेळ असतो. वेळ आधी विचारून घ्यावी. दोन्ही एका दिवसात करू नयेत. टॅक्सीवाल्याला नुसतं ‘नेहरू’ सांगूही नये.

बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाला अख्खा दिवस द्यावा लागतो, तरी तो कमी पडतो. शंभरावर चौरस किलोमीटर जंगल आणि त्यात कान्हेरीची शंभरावर लेणी. मुलांना तिथल्या बुद्धमूर्तींपेक्षा पाणी जास्त आवडतं. पायऱ्यांच्या कडेनं दगडात खोदलेले बारीक पाट बघा; पावसाचं पाणी त्यांतून घरंगळत टाक्यांत जातं, आणि भिक्षूंना ते वर्षभर पुरायचं. बाटलीतलं पाणी एका पाटात वरून ओतलं आणि खाली कुठे पोहोचतं ते पाहत मुलं धावली. मुंबईला पाणी देणारे विहार आणि तुळशी हे तलावही याच जंगलात आहेत. फाटकापासून लेण्यांपर्यंत बस मिळते, सायकली भाड्यानं मिळतात.

मलबार हिलचा म्हातारीचा बूट आता ओळखीचा झालाय, तो आपल्या लहानपणाच्या आठवणीसाठी बघावा. त्याच्याच शेजारी मार्च २०२५ पासून झाडांच्या शेंड्यांतून जाणारी सुमारे अर्धा किलोमीटरची लाकडी पायवाट झालीय. तीही चांगली आहे, पण जागा आधी नोंदवावी लागते.

सुट्टीत येणाऱ्यांनी एक गोष्ट चुकवू नये, ती म्हणजे बालनाट्य. पेपरच्या नाटकांच्या जाहिरातींच्या पानावर दिवाळीत आणि मेमध्ये ती हमखास असतात. सुधा करमरकरांनी १९५९ साली रत्नाकर मतकरींचं ‘मधुमंजिरी’ रंगमंचावर आणलं, तेव्हापासून मुंबईत मुलांसाठी खरं, मोठ्या रंगमंचावरचं, प्रकाश-नेपथ्यासह नाटक होत आलंय. मतकरींचंच ‘अलबत्या गलबत्या’ आजही नव्या संचात मुलांनी भरलेल्या घरात चालतं. दादरच्या शिवाजी मंदिर नाट्यगृहात शेकडो मुलं एकाच वेळी नायकाला “मागे बघ!” असं ओरडतात, तो आवाज टीव्हीवर मिळत नाही. धाकटा घाबरून माझ्या मांडीवर आला आणि बोटांच्या फटीतून बघत राहिला. मध्यंतरात बटाटेवडा. त्यानंतर काकांनी आम्हाला ‘प्रकाश’ उपाहारगृहात नेऊन पियूष पाजलं, आणि दादरला राहण्याचे फायदे सांगायला सुरुवात केली.

मॉलमधल्या गेम झोनला आम्ही गेलो नाही. विरोध म्हणून नव्हे, सांगलीतही आता तो आहे.

काही व्यवहाराच्या गोष्टी. मुलाच्या खिशात आईबापांचा फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी असावी, आणि लोकलमध्ये चुकामूक झालीच तर त्यानं फलाटावर उतरून तिथेच उभं राहायचं, हे घरून निघतानाच ठरवून घ्यावं. फ्लेमिंगोंसाठी येणार असाल तर दिवाळी नको, जानेवारी ते मार्च निवडा. ऐरोलीच्या जैवविविधता केंद्रातून ठाणे खाडीत बोट जाते, तीही भरतीच्या वेळा पाहून. दुपारी दीड ते चार मुलांना झोपू द्यावं, मोठ्यांनाही त्याची गरज असते.

आणि बेत आखताना वार बघा. सोमवारी घारापुरी, तारांगण आणि राष्ट्रीय उद्यान बंद असतं. बुधवारी राणीची बाग बंद, बुधवारी सार्वजनिक सुट्टी आली तर त्याऐवजी दुसऱ्या दिवशी. विज्ञान केंद्र ऐन दिवाळीला आणि होळीला बंद. तेव्हा रविवारी रात्रीच्या गाडीनं निघून सोमवारी सकाळी उतरत असाल, तर सोमवार ओहोटीसाठी राखून ठेवा. समुद्राला साप्ताहिक सुट्टी नाही.